गोठ्यातला मुद्देमाल

८ जाने., गुरुवार
कोर्टाचा कागद शेवटी आला. प्रमोदने अर्ज केलाय: दोन्ही कुत्र्या परत द्या. सुनावणी ३० तारखेला. मी सिंदीहून शाळा करून घरी येते तर कागद टीपॉयवर, आणि हे समोर हाताची घडी घालून बसलेले.
"झालं समाधान? दोन दिवसासाठी आनल्या होत्या ना?"
दोन दिवसासाठीच आणल्या होत्या. केळझरच्या रस्त्यावर प्रमोदच्या शेतात ती टिनाची शेड, कुत्र्यांची पिल्लं काढून विकायची. चतुर्थीला गणपतीला जाताना दरवेळी तो वास, ते ओरडणं. शेवटी तक्रार मीच केली. दिवाळीआधी पोलिसांची धाड पडली, बाकीच्या कुत्र्यांनी नागपूरच्या प्राणिसंस्थेची गाडी भरली, आणि या दोघी उरल्या. "मॅडम, दोनच दिवस ठेवा," जमादार म्हणाले. मी लिहून दिलं, आहे त्या स्थितीत सांभाळीन, मागाल तेव्हा हजर करीन. सही ठोकली. तेव्हापासून आमच्या गोठ्यात. कागदावर मुद्देमाल क्र. ३ व ४, घरात थोरली आणि धाकटी. मायलेकी आहेत, लॅब्राडोर.
थोरलीच्या पोटाखालची कातडी लोंबते. पिंजऱ्याच्या जाळीवर उभं राहून राहून पंजे फाकलेत. धाकटीला अजून एकदाही पिल्लं झालेली नाहीत. प्रमोदचा खरा डोळा तिच्यावर.
परत द्यायच्या म्हणजे त्याच जाळीवर उभ्या करायच्या. जेवले नाही.

१४ जाने., संक्रांत
प्रमोद तीळगूळ घेऊन घरी. निर्लज्जपणा म्हणावा की हिंमत, कळत नाही. यांचा शाळासोबती तो, त्यामुळे दार लावून घ्यायची सोय नाही. बाबांच्या (सासऱ्यांच्या) पाया पडला. "वहिनी, तीळगूळ घ्या. आपला राग नाई कोनावर. धंदा हाय, तुमची नोकरी तसा माहा धंदा." मग म्हणे, माझा माल पाहून घेतो.
गोठ्यात सगळेच गेलो. धाकटी कडब्यामागे शिरली. थोरली उठली, त्याच्याकडे पाठ केली, शेपूट बाजूला घेतली आणि मान खाली घालून उभी राहिली, नर लावताना उभी करायचे तशी. हलली नाही. कोणी हात लावला नव्हता, काही बोललं नव्हतं.
प्रमोद हसला. "पाहा, मालकाले वळखते."
बाबा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "वळखत नाई ते. तू आला का काय करा लागते, थे तिले मालूम हाय."
हे प्रमोदला घेऊन बाहेर गेले.
त्याचा तीळगूळ डब्यात तसाच आहे. टाकवत नाही, खाववत नाही.

१९ जाने., सोम.
धाकटी आज वांग्याच्या वाफ्यातून सुसाट पळाली. पहिल्यांदा. दोन रोपं मोडली, बाबा ओरडले, आणि मग स्वतःच तिच्यामागे धावले, या वयात. थोरली अजून गोठ्यातच. पिंजऱ्याएवढ्याच जागेत गोल गोल फिरते. जेवण कमी, पाणी मात्र घटाघटा. थंडीत एवढं पाणी?
आमच्या वकिलांचा फोन. "मॅडम, गुन्हा शाबित होईस्तोवर मालक मालकच असतो. पाहू."
पाहू काय पाहू.

२३ जाने., शुक्र.
थोरली उठत नाही. मागून घाण स्राव, दुर्गंधी, अंग तापलेलं. संध्याकाळी वर्ध्याहून डॉक्टर मॅडम आल्या. तरुण आहेत, कमी बोलतात. पोट दाबून पाहिलं. "गर्भाशयात पू झालाय. पिशवी काढावी लागेल. उद्याच."
नाही काढली तर?
"सोमवार दिसणार नाही तिला."
वकिलांना लावला फोन. उद्या चौथा शनिवार, मग रविवार, सोमवारी २६ जानेवारी. कोर्ट उघडणार मंगळवारी. "परवानगीशिवाय हात लावू नका," म्हणाले. "पिशवी काढली की तिची किंमत शून्य. मुद्देमालाचं नुकसान केलं म्हणेल तो. तुम्ही सरकारी पगारावर आहात, मॅडम."
आणि मेली तर? "मेली तर आजाराने मेली."
म्हणजे मरू दिली तर मी निर्दोष. वाचवली तर गुन्हेगार.

२४ जाने., शनि.
सकाळी यांच्याशी जोरदार. "लोकाईच्या कुत्र्यापायी तू काऊन अंगावर घेऊन राह्यली? सस्पेंड झाली म्हंजे?" मी म्हटलं, तुम्ही गोठ्यात जा आणि तिच्याजवळ पाच मिनिटं बसा, मग बोलू. गेले. परत आले ते गाडीची किल्ली घेऊनच. थोरलीला चादरीत घालून उचललं त्यांनीच.
दवाखान्यात डॉ. मॅडमनी विचारलं, "मालकाची संमती?" म्हटलं, विचारते. स्पीकरवर लावला प्रमोदला.
"इंजेक्शन द्या, वहिनी. पिशवीले हात नाई लावाचा. अजून एखादं वेत पिल्लाईचं निघते तिच्यातून."
अहो ती मरतेय.
"माही हरकत हाय. फोन रेकॉर्ड होऊन राह्यला, सांगून ठेवतो."
बोलताना आवाजही चढला नाही त्याचा. मी फोन ठेवला आणि सही केली. अक्षर माझंच आहे असं वाटेना.
पिशवी काढली तेव्हा मॅडमनी बोलावून दाखवली. मला बघायचं नव्हतं, तरी पाहिली. हे बाहेर पायरीवर बसून होते, डोळे लाल.
मॅडमनी दाखला लिहून दिला: जीव वाचवण्यासाठी तातडीने.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन. राष्ट्रगीताला सावधान उभी, डोक्यात थोरली. सकाळी दोन घास भात खाल्ला तिने. जगेल बहुतेक.
मुलं पांगली तर गेटवर प्रमोद. मोटारसायकलवर बसूनच बोलला.
"थोरली ठेवा तुमच्याजवळ, वहिनी. लिहून देतो पायजे त. आता काय कामाची ते? तक्रार बी नाई करत."
क्षणभर खरंच वाटलं, सुटलो.
"धाकटी मात्र मले पायजे. शुक्रवारी कोर्टातूनच गाडीत टाकतो. नवी शेड बांधली सेलूच्या अलीकडं, येजा पाहाले. पंखे बी लावले."
बसमध्ये सीटवर बसले आणि रडू कोसळलं. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली दिली, कारण विचारलं नाही. बरं झालं.

२७ जाने., मंगळ.
वकिलांकडे. डॉक्टरांचा दाखला वाचून खूश झाले. "थोरलीच्या बाबतीत तुम्ही सुरक्षित. पण धाकटी धडधाकट आहे. त्याने नव्या शेडचे फोटो लावलेत अर्जाला, टाइल्स, पंखे, सगळं चकाचक. जज्जसाहेब देऊही शकतात परत."
किती शक्यता?
हात हलवून दाखवला, इकडे किंवा तिकडे. मग मी दाराशी पोचल्यावर: "मॅडम, त्या दुसरीला काही करू नका हं. पहिली वेळ दया समजतात. दुसऱ्या वेळेला त्याला वेगळं नाव आहे."
धाकटीचीही पिशवी काढावी असं माझ्या मनात तोवर काही नव्हतं. खरंच नव्हतं. त्यांनीच घातलं.

२८ जाने., बुध.
डॉ. मॅडम थोरलीचे टाके बघायला घरी. जखम छान आहे. धाकटीलाही तपासलं, बाबांनी धरली होती. "आठ-पंधरा दिवसांत माजावर येईल ही," म्हणाल्या.
पंधरा दिवसांत ती कुठे असेल, सगळ्यांच्या डोक्यात तेच.
हात धुताना, टॉवेलकडे बघत: "उद्या सकाळी माझं टेबल रिकामं आहे. रात्रीपासून पोट रिकामं असलं की झालं. दाखल्यात मात्र मला खरं तेच लिहावं लागेल. तातडीचं होतं असं नाही लिहिता येणार."
चहा न घेता गेल्या.
यांना सांगितलं. यांनी ताट बाजूला सारलं. मग शांतपणे: "थोरलीचं बरोबर केलं तू. मी सोता उचललं तिले. पन हे तुले परवा कोर्टात तोंडानं सांगा लागन, वंदना. का जानूनबुजून केलं म्हनून. सांगशीन?"
चिडले असते तर भांडता आलं असतं.
आणि आणखी एक टोचतंय. धाकटीला तर कोणी विचारलंच नाही. प्रमोदने तिच्या पिशवीचा हिशेब केला, मीही तोच करतेय. माझा चांगल्यासाठी, म्हणून काय झालं. पण ती शेड आठवते आणि हे सगळं शहाणपण गळून पडतं. टाइल्स काय करणार आहेत. पाठ करून उभं राहायला तीही शिकेल.

२९ जाने., गुरुवार
शाळेत रजेचा निरोप दिला. कशासाठी ते सांगितलं नाही. सकाळीच ऑटोला बोलावून बसले, येऊ नको सांगायला फोन उचलला आणि खाली ठेवला. हे आंघोळीला गेलेत, बराच वेळ झाला, पाण्याचा आवाज नाही.
गोठ्यात गेले. थोरली उन्हात पसरलेली, धाकटी उड्या मारत माझ्या अंगावर. बाबा दारात.
"रातच्यानं काई खाऊ नाई घातलं मी तिले," म्हणाले. "काल ते डाक्टरीन बोलली थे आयकलं मी. तुले जाचं असंन त जाय. नसंन जाचं त सांग, भाकर टाकतो. भुकेली हाय ते."
तुम्हाला काय वाटतं, बाबा?
"मले इचारू नको. सही तुही हाय."
आत येऊन हे लिहितेय, हात थांबत नाही म्हणून. बाहेर ऑटोवाला हॉर्न देतोय. खिडकीतून दिसतं, बाबा भाकरी हातात धरून तसेच उभे आहेत, आणि धाकटी त्यांच्यासमोर बसून भाकरीकडे बघते आहे.