ढालवाला बेडूक आणि नोव्हेंबरातलं भोक

डेव्हेंटर, १९ ऑक्टोबर

ती. रूलफीनताईस,

धाकट्या हार्मेनचा नमस्कार. (वाकून केला आहे, उठायला वेळ लागला.) तुझी कंबर काय म्हणते? इकडे मी धडधाकट, फक्त अब्रू जरा जायबंदी झाली होती.

त्याचं असं झालं, शेजारच्या विल्मीनबाईंनी मला वाढदिवसाला बोलावलं. पाच वर्षं कुंपणावरून नुसत्या हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या, त्यामुळे मी हरखलो. (हो, मला त्या आवडतात. हसू नकोस.) आपल्या रिवाजाप्रमाणे गोल मांडलेल्या खुर्च्यांवरच्या प्रत्येक पाहुण्याचंही रीतसर अभिनंदन केलं, कॉफी आणि एक बिस्कीट घेतलं. डबा लगेच बंद. मग सगळे गप्प. मधोमध त्यांचं कासव, बारोन, फेऱ्या मारत होतं. शांतता मला सोसत नाही, तुला माहीतच आहे. मी म्हणालो, कासवासाठीचा आपला ‘स्खिल्डपाड’ हा डच शब्दच बघा ना. स्खिल्ड म्हणजे ढाल, पाड म्हणजे बेडूक. पूर्वजांनी कासव पाहिलं आणि नवं नाव शोधायचा त्रास न घेता सांगून टाकलं, ढालवाला बेडूक! (सीलला समुद्री कुत्रा आणि वटवाघळाला फडफडता उंदीर म्हणणारी माणसं ती.)

“म्हणजे आमचा बारोन बेडूक?” विल्मीनबाईंची नणंद कडाडली. विल्मीनबाईंचा चेहरा उतरला. मी संडासात पळालो. तिथे भिंतीवर, आपल्याकडे घरोघरी असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर होतंच. त्यात त्यांच्या दातांच्या डॉक्टरचंही नाव. माझी चौदा नोव्हेंबर मात्र कोरी. आणि ताई, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं मी माझं नाव स्वतःच लिहिलं! लगेच भानावर येऊन ओल्या बोटानं पुसायला गेलो, तर नोव्हेंबरला भोक पडलं. मागच्या दारानं घरी आलो आणि तीन दिवस पडदे ओढून बसलो.

गुरुवारी विल्मीनबाई दारात उभ्या. वेळ न ठरवता! मला वाटलं, कुणीतरी गेलं.

“आमचे हे, खेर्ट, बारोनला ‘ए बेडक्या’ अशीच हाक मारायचे,” त्या म्हणाल्या. “ते गेल्यापासून कुणी मारली नव्हती. त्या दिवशी एकदम भरून आलं हो. आणि तुमच्या नोव्हेंबरला मी ठिगळ लावलंय. चला, आता पेनानं लिहा.”

गेलो. लिहिलं. ताई, मी फार खुशीत आहे.

तुझा,
हार्मेन

ता. क. चौदा तारखेला तू यायचंसच. दोघांचा गोल होत नाही. खुर्चीही आण.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण हे: ती ढाल-बेडकाची फोड मी सात वर्षांचा असताना तूच सांगितली होतीस, मी कुठेही ताडून पाहिलेली नाही. विल्मीनबाई आता ती अख्ख्या गल्लीला सांगत सुटल्यात. मोठ्या शब्दकोशात बघून खरी असेल तर उलट टपाली कळव. खोटी असेल तर पंधरा नोव्हेंबरनंतर.