खालच्या शिंप्याचा वास

३ मार्च, सकाळ.
घरात तिघांनाही कोविड होऊन गेला. माझं नाक दोन महिने ठप्प होतं. आज उघडलं! पहिलाच वास जळक्या रबराचा. कॉफीतही तोच. हे काम खालच्या शिंप्याचं. आमच्या ओल्या कपड्यांचं पाणी त्याच्या खिडकीवर गळतं म्हणून मागे कुरकुरला होता. आता सूड उगवतोय. बायको म्हणते, कसलाच वास नाही. बिचारीचं नाक कायमचं गेलं.

५ मार्च.
साबण, टूथपेस्ट, कांदा, सगळीकडे रबर. लेकीनंही घाण वास म्हणून ताट ढकललं. म्हणजे घरात दोन नाकं शाबूत आहेत. शिंप्याचं दार बडवून आलो. उघडत नाही. मनात चोर असल्यावर कसा उघडेल?

६ मार्च, दुपार.
जशास तसं. सहा अंडी फोडून बरणीत भरली, बरणी गॅलरीत, बरोबर त्याच्या खिडकीच्या वर. ऊन कडक आहे. चार दिवसांत पाय धरायला येईल.

१२ मार्च.
रोज हुंगतो. ढिम्म वास नाही. दुकानदारानं इतकी ताजी अंडी दिलीच कशाला? शेजारीण नाकाला रुमाल लावून आली, तुमच्याकडे उंदीर मेलाय का विचारून गेली. हिलाही शिंप्याची फूस.

१४ मार्च.
लेक चार बिस्किटांवर दिवस काढते. फ्रॉक अंगावर लोंबतोय. आज आई जवळ घ्यायला गेली तर लेकीनं तोंड फिरवलं. आईलाच तो वास येतो म्हणे. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. शिंप्याला जन्मात सोडणार नाही.

१७ मार्च.
बायकोनं मला आणि लेकीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कोविडनंतर काहींचं नाक परत येतं ते असं बिघडून येतं, चांगल्या वासाची घाण येते आणि खरी घाण कळतच नाही. हळूहळू सुधारतं, धीर धरा. मी विचारलं, आणि शिंपी? बायको म्हणाली, तो महिनाभर बहिणीकडे गेलाय. त्याची किल्ली आपल्याच खुंटीला आहे, तुम्हाला सांगितलं होतं.
मी त्या वेळी अंडी फोडत होतो.

१८ मार्च.
बरणी टाकली. शिंप्याची खिडकी पुसली. मन मोठं करून त्याला माफ केलं.
संध्याकाळी लेक नाक चिमटीत धरून आईच्या कुशीत शिरली. बायको म्हणाली, तुम्हीही या. नाक धरून गेलो.