कोटवाला आणि मी

रविवार, ४ मे
भेटले! ॲपवरच्या फोटोपेक्षा बरा दिसतो — नेहमी उलटंच असतं. राखाडी कोट, चकचकीत बूट. महागातलं हॉटेल त्यानंच निवडलं. बिल आलं तसा मी पर्समध्ये हात घातला, तर म्हणाला, "छे, तुम्ही कशाला?" ताईला लगेच फोन. तिचा निकाल तयारच — "पाकीट काढतोय ना? मग सोडू नकोस!"
मी कुठे सोडतेय!

सोमवार, ५ मे
भाड्यानं गेलेले कपडे सोमवारी दुकानात परत येतात. मागच्या खोलीत बसून त्यांचे टाके उसवायचे, हे माझं काम. आज पहिलाच आला तो राखाडी कोट! शुक्रवारी मीच त्याची बाही पाऊण इंच सोडली होती, कच्चा टाका घालून. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचा नंबर — त्याचा! शुक्रवारच्या घाईत नंबर कोण बघतं? मी शिवणकाम करते एवढंच त्याला माहीत. कुठल्या दुकानात ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
राग यायला हवा होता. मला हसूच फुटलं. माझ्यासाठी कुणी आजवर शर्टाला इस्त्रीसुद्धा केली नव्हती, यानं अख्खा कोट आणला!

बुधवार, ७ मे
ताईला सांगून चूक केली. "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. फसवतोय तुला!" म्हटलं, सोंग तर सोंग. माझ्यापायीच आणलंय ना?

रविवार, ११ मे
आज निळा कोट. तोही माझ्याच हातून गेलेला — चेहरा गंभीर ठेवताना जीव गेला! मेन्यू वाचताना तो पदार्थ बघतच नव्हता, फक्त किमती. शेवटी बोलूनच टाकलं — "मला असली हॉटेलं आवडत नाहीत. पुढच्या वेळी नुसतं चालू, चहा पिऊ, आपापले पैसे देऊ. आणि कोट नको, बघूनच उकडतं!"
मग असा हसला, खांदेच सैल पडले त्याचे. "खरंच चालेल तुम्हाला?"
चालेल? पळेल!

रविवार, १८ मे
चुरगळलेला शर्ट, जुन्या सँडल. तीन तास चाललो! दोन-दोन चहा, ज्याचे त्यानं दिले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. म्हणाला, "तुझ्यासोबत खर्चच होत नाही." इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं. मी आवडते त्याला — आवडतेच!

रविवार, २५ मे
हात धरला!!

शुक्रवार, ३० मे
टेबलावर काळा कोट, दुकानातला सगळ्यात महागाचा. बाही पाऊण इंच सोडायची. नंबर आता पाठ आहे. या रविवारी तर बहिणीकडे जाणार म्हणाला होता. मालकीणबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, कशाला नेतोय?
"मुलीला भेटायला. पहिलीच भेट आहे म्हणे. भारीतला द्या म्हणाला, या महिन्यात पैसे उरलेत."