वेणी

गुणवंता,

शाळेत कविता मी चालीवर म्हणायचो, पण प्रेमिला टाळ्या तुझ्यासाठी वाजवायची. तरी लग्न तिने माझ्याशी केलं.

पुढे तिचं शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटलं. हात खांद्याच्या वर जाईनात. तिची वेणी मीच घालायचो, त्याच कविता गुणगुणत. किती सुखाचे दिवस होते ते!

मग तू, मोठा डॉक्टर, आमच्या सक्करदऱ्याला राहायला आलास. तिचा घसा बघून म्हणालास, "चंपत, नेहमी सुजणारे हे टॉन्सिल काहून ठेवले गा? यांच्यानंच तिचा आजार भडकते." तू ते काढवलेस, औषधंही बदललीस. ती सुधारली. उपकार आहेत.

पण काल तू निघालास, तेव्हा फाटकाशी तिचा हात पहिल्यांदा डोक्याच्या वर गेला. "येत जा गा, गुणवंता!"

आज सकाळी मी कंगवा लपवला.

हे पत्र न टाकणारा,
चंपत