वारलूकाकांना मी न विचारलेलं

प्रिय स्वातीताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन्हींत खाडाखोड झाली. तुझी आई कशी आहे, असं तू विचारलंस. सोमारीकाकी चालते-फिरते, फक्त पाणी आणताना वाटेत दोनदा बसते. वारलूकाकांचंही असंच सुरू झालं होतं.

काकांच्या मातीनंतर तू डॉक्टर नूतन मॅडमना सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबाले आधी काऊन नाई विचारलं? गळ्यात नळी घालून नागपूरले एकोणीस दिवस हात बांधून ठेवले." मॅडमनी फाईल उघडली. त्यात पौषातली नोंद होती, 'सर्व उपचार करावेत, अशी रुग्णाची इच्छा.' तू वाचलंस आणि फाईल मिटलीस. मी तुझ्या मागेच उभा होतो.

ती काकांची इच्छा नव्हती, ताई.

मॅडमना गोंडी येत नाही, म्हणून दवाखान्यात पेशंटना समजावून सांगायला मी असतो. त्या दिवशी काका स्वतः चालत आले होते, माझ्यासाठी बोरं घेऊन. माझं मनगट धरून म्हणाले, पेशंट तर तूच दिसतोस, खाटेवर तू झोप, मी इथे कामाला लागतो. मॅडम मला म्हणाल्या, "यांची फुफ्फुसं बरी होणार नाहीत, हे सांग. श्वास अगदीच अडला तर मशीनवर ठेवायचं, की घरी आपल्या माणसांत राहायचं, ते विचार. बोलता येतंय तेव्हाच ठरवू दे." समोर हसत बोरं खाणाऱ्या माणसाला हे कसं विचारायचं? मला वाटलं, अजून वेळ आहे, खाटेला लागले की विचारू. मी गोंडीत एवढंच म्हणालो, मॅडम देतील ते उपचार घ्याल ना? काका म्हणाले, घेईन की. मी मराठीत सांगितलं, "सगळं करा म्हणतात." वैशाखात त्यांना बोलायला श्वासच उरला नाही, आणि तो कागद बघून गाडी नागपूरला गेली.

काल मी मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आणखी कितीजणांचं असं झालं?" मी वही काढली. अकरा. त्यातले सात गेले. उरलेल्या चौघांकडे मॅडम दुसऱ्या कोणाला तरी घेऊन जाणार आहेत.

बुधवारी काकीला तोच प्रश्न विचारायचा आहे. मी विचारणार नाही. ऐन वेळी माझी जीभ पुन्हा तेच करील. म्हणून लिहितो आहे, तू ये. तिला धाप नसताना जवळ बस आणि आपल्या भाषेत पूर्ण विचार. उत्तर तिचं तिलाच शोधू दे. तू मध्ये आपले शब्द घालू नकोस.

तुझाच,
अंकुश