न आढळलेल्या शिक्षणाची नोंद दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. मूल्यांकन अधिकारी,
घरगुती बालसंगोपन व प्रारंभिक अध्ययन गुणवत्ता कक्ष,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय: माझ्या दिवंगत आईच्या घरगुती पाळणाघराच्या तपासणी अहवालातील शेरा क्र. ४ काढून त्याजागी खरी हकिकत नोंदवण्याबाबत.

संदर्भ: १) आपण स्वतः केलेल्या तपासणीचा अहवाल.
२) आपले स्मरणपत्र, जे आईच्या नावे तिच्या मृत्यूनंतर एकोणीस दिवसांनी मिळाले.

महोदय,

१. माझी आई 'सुधारणा प्रशिक्षणास विनापरवानगी गैरहजर' राहिल्याबद्दल आपण स्मरणपत्रात खेद व्यक्त केला आहे. पंधरा दिवसांत तिने समक्ष येऊन खुलासा न केल्यास 'अपुरे' ही श्रेणी शेऱ्यांसह कायम करून नस्ती बंद करण्यात येईल, असेही कळवले आहे. आईला समक्ष येणे शक्य नाही. तिने परवानगी घेतली नाही हे मात्र खरे आहे. माझीही घेतली नाही.

२. मृत्यूचा दाखला घेऊन मी आपल्या कार्यालयात आले होते. खिडकीतील लिपिकांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "हे ठीक आहे हो ताई, पण खुलाशावर बाईंची सही लागेल." ते कसे जमणार नाही हे मी समजावल्यावर त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारले, "अहो, चालिका वारल्या तर कुठला नमुना?" शेजारच्या टेबलाने जेवणाच्या डब्यातून मान वर न काढता "सात" असे सांगितले. नमुना सात हा 'केंद्रात घडलेल्या अनुचित प्रकाराची माहिती' देण्यासाठी आहे. त्यातील 'प्रकाराचे स्वरूप' या रकान्यात मी 'मृत्यू' असे लिहिले. त्यापुढचा रकाना 'असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून चालिकेने केलेली उपाययोजना' असा आहे. तो मी कोरा ठेवला, म्हणून अर्ज अपूर्ण ठरून परत आला. "लिहा ना काहीतरी, कोण वाचतंय," असा सल्ला मला त्याच खिडकीतून मिळाला. तो शिरोधार्य मानून हा अर्ज लिहीत आहे.

३. आईने पहिल्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत सव्वीस वर्षे पाळणाघर चालवले. एका वेळी सहा मुले, त्यापेक्षा अधिक कधीच नाहीत. मुले तिला आत्या म्हणत. स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा खण मुलांचा होता आणि त्यात बावन्न झाकणे होती. डब्यांची, बरण्यांची, थर्मासची, एक फुटक्या किटलीचे. सकाळी आलेल्या प्रत्येक मुलाने आधी एक झाकण उचलायचे आणि ओट्याखाली मांडलेल्या भांड्यांतून त्याचे भांडे शोधायचे. सापडले की आई "बसलं!" म्हणे. नाही सापडले तर ती काहीच म्हणत नसे, मदतही करत नसे. साडेतीन वर्षांचा एक मुलगा, ज्याला सगळे मास्तर म्हणत, तो लहानांना ओरडे, "अगं फिरव, फिरव! ढकलून कधी बसतं का?" आपल्या कक्षाच्या पुस्तिकेत पान चौदा ते एकोणीस याच गोष्टीसाठी खर्ची पडली आहेत. तिथे तिला 'आकार-अनुरूपता व समस्या-निराकरण' असे नाव आहे. आई तिला 'आधी झाकणं' म्हणे. पुस्तिका तिने वाचली नव्हती. माझा अंदाज आहे की पुस्तिका लिहिणाऱ्यांनीही झाकण लावून पाहिले नसावे.

४. दुपारी मुले झोपली की आई प्रत्येक मुलासाठी वहीत एक ओळ लिहीत असे. अशा एकेचाळीस वह्या आहेत. 'मास्तरला आज हरता आलं.' 'जुळ्यांपैकी एकीला कळलं की दुसरी वेगळी आहे. दोघी रडल्या.' तपासणीच्या दिवशी आईने चालू वही आपल्यापुढे ठेवली होती. ती विहित नमुन्यात नसल्याने आपण ती उघडली नाही. नियमाला धरूनच वागलात.

५. शेरा १ ते ३ बद्दल माझी तक्रार नाही. भिंतीवर अक्षरतक्ता नव्हता. मुले भिंतीकडे फारशी पाहत नसत. साप्ताहिक नियोजनाचा फलक नव्हता, आणि हात धुण्याची सचित्र सूचनाही नव्हती. मुले चित्र न पाहता हात धूत. माझा आक्षेप शेरा ४ ला आहे. तो असा: 'केंद्रात शिकण्याचे कोणतेही साहित्य वा कृती आढळली नाही. एक बालक संपूर्ण चाळीस मिनिटे टेबलाखाली निष्क्रिय बसून होते. चालिकेने हस्तक्षेप केला नाही.'

६. हे 'बालक' म्हणजे खालच्या मजल्यावर राहणारी, दोन वर्षे आठ महिन्यांची मुलगी. आईने तिचे नाव गोगलगाय ठेवले होते. ती येऊन सात आठवडे झाले होते. आली की सरळ टेबलाखाली जाई. कोणाशी बोलत नसे, कोणाकडून काही घेत नसे, कोणाला काही देत नसे. तिच्या आईने विचारले, "तुम्ही तिला ओढून बाहेर का काढत नाही हो?" आई म्हणाली, "ती काय बाटलीचं बूच आहे?" आई रोज टेबलाच्या पायाला पाठ टेकून कपड्यांच्या घड्या करत बसे आणि एक लाल झाकण मागे सरकवून ठेवी. दहा दिवस ते जिथल्या तिथे राहिले. अकराव्या दिवशी ते सरकून परत आले. मग रोज जाऊ-येऊ लागले, पण फक्त आईकडे.

७. तपासणीच्या दिवशी आपण त्याच टेबलापाशी बसलात. मी रजा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, म्हणून हे पाहिलेले सांगते. आपण तिसरे पान भरत असताना टेबलाखालून लाल झाकण आले आणि आपल्या तपकिरी बुटाला लागून थांबले. सगळी मुले वाकून टेबलाखाली पाहू लागली. एका परक्या माणसाला तिने पहिल्यांदा काही दिले होते. मास्तर म्हणाला, "काका, घ्या की. तुम्हाला दिलंय." आपण कागदावरून नजर न काढता "हो हो, छान" म्हणालात आणि बुटाच्या टोकाने झाकण बाजूला सारलेत. एका लहान हाताने ते आत नेले. चार मिनिटांनी ते पुन्हा आले. या वेळी आपण पाय खुर्चीखाली ओढून घेतलेत. त्यानंतर आपण 'निष्क्रिय' हा शब्द लिहिलात. त्या खोलीत त्या क्षणी निष्क्रिय कोण होते, हे मास्तरलाही सांगता आले असते.

८. आता साहित्य का आढळले नाही, तेही नोंदीवर यावे. बाकीची एक्कावन्न झाकणे त्या वेळी पोत्यात भरून माळ्यावर ठेवलेली होती, आणि ती मी ठेवली होती. बालपणाविषयी मी पुष्कळ वाचले आहे. त्या सर्व पुस्तकांतील छायाचित्रांत खोल्या स्वच्छ असतात. मी आईला म्हणाले, "अधिकारी यायचेत, हे भांड्यांचं दुकान आजच्यापुरतं तरी आवर." ती म्हणाली, "मग मुलं करतील काय?" मी म्हणाले, "बसतील तासभर गप्प." आमच्या घरात शिकलेली मी असल्यामुळे तिने ऐकले. गोगलगायीच्या मुठीतले झाकण तेवढे तिने मला काढू दिले नाही. "ते राहू दे. ते तिचं आहे."

९. अहवाल आल्यावर आईने अक्षरतक्ता आणून भिंतीला लावला. त्यानंतर ती पाच महिने होती. एकदा डाळ निवडता निवडता तिने विचारले, "म्हणजे सव्वीस वर्षं मी नुसतीच सांभाळली का गं?" मी तिला लांबलचक उत्तर दिले, त्यात चार पुस्तकांचे दाखले होते. तिला 'नाही' एवढेच हवे होते. ते सांगायचे राहून गेले. आता ते नोंदीवर आणण्यावाचून मला दुसरा मार्ग उरलेला नाही.

१०. तरी विनंती की, शेरा ४ काढून त्याजागी पुढील मजकूर घ्यावा: 'तपासणीच्या दिवशी शिकण्याचे साहित्य चालिकेच्या मुलीने माळ्यावर ठेवले होते. उरलेल्या एका साहित्याने झालेली कृती तपासणी अधिकाऱ्यांच्या पायाशी दोनदा आढळली. चालिकेने हस्तक्षेप केला नाही, कारण तो करायचा नव्हता.' श्रेणी वाढवून नको. 'अपुरे' हा शब्द त्या दिवशी त्या खोलीत लागू होताच. तो कोणाकोणाला, एवढेच अहवालात चुकले आहे.

११. आपल्या सोयीसाठी त्या दिवशीची वहीतली ओळ इथे उतरवते. ती विहित नमुन्यात नाही. 'गोगलगायीने आज पाहुण्यांना झाकण दिलं, दोनदा. पाहुण्यांना अजून घेता येत नाही. घाई नको.'

ही नस्ती बंद होण्यापूर्वी एवढी दुरुस्ती व्हावी.

आपली नम्र,
(सही)
चालिकेची एकुलती एक मुलगी
दिनांक: आपण दिलेल्या मुदतीचा चौदावा दिवस

सोबत:
१) मृत्यूचा दाखला, दोन्ही बाजूंची प्रत. मागची बाजू कोरी आहे.
२) वहीच्या पानाची प्रत.
३) लाल झाकण, एक, मूळ. हे गोगलगायीचे आहे. आपल्याकडे पाठवते म्हटल्यावर तिने ते स्वतः माझ्या हातात दिले आणि "त्या काकांना?" असे विचारले. कृपया नस्तीत लावू नये. हातात घ्यावे आणि परत करावे. ती वाट पाहते आहे.