रामकिसनला एकसष्ट गुण

४ ऑगस्ट, सोमवार
शेंद्र्याच्या आमच्या पंप कारखान्याला रबरी सील कोण देणार, किती देणार, हे यापुढं माझं मॉडेल ठरवणार. दर, दर्जा, वेळ, कागदपत्रं. प्रत्येकाला वेटेज. पर्चेसमध्ये आता भावनेला जागा नाही. काल पूर्ण रविवार एक्सेलवर. सरिता पुण्याला लेकीकडं गेलीय. तीन आठवडे म्हणाली होती, पाच महिने झाले. मॉडेलच्या दृष्टीनं बरंच झालं.

७ ऑगस्ट, गुरुवार
राजकोटची पार्टी ८८. रामकिसन ६१.
रामकिसन अकरा वर्षं सील देतो. एकदाही उशीर नाही. पण दर जास्त. शिवाय ई-मेल पाहत नाही, दर गुरुवारी स्वतः येतो. तासभर बसतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. त्याला मॉडेलमध्ये रकाना नाही. सगळी ऑर्डर राजकोटला.
त्याला सांगितलं. म्हणाला, "साहेब, माझं काही चुकलं का?" मी स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय, आकडा हाय खरा." चहा अर्धा ठेवून गेला.

१४ ऑगस्ट, गुरुवार
एक तास वाचला. त्या तासात मॉडेल पुन्हा तपासलं. तेच उत्तर.

२१ ऑगस्ट
सरिताला फोनवर मॉडेल समजावलं. तिनं विचारलं, जेवलात का. मुद्द्याला धरून बोलतच नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
राजकोटचा माल नाही. मॉडेल बरोबर आहे. राजकोट चुकलं.

५ सप्टेंबर
लाइन बंद. सगळी ऑर्डर एकालाच कुणी दिली, असं मॅनेजर मोतीरामसाहेबांनी विचारलं. मॉडेलनं, म्हणालो. ते म्हणाले, मग त्यालाच पाठवा सील आणायला.
रामकिसन फोन उचलत नाही. रविवारी त्याच्या घरी जातो. नाही म्हणणारच नाही तो. जुने संबंध.

७ सप्टेंबर, रविवार
दौलताबादला जाऊन आलो. त्याची सील बनवायची शेड रिकामी. रामकिसन रागावला नाही. त्याच्या बायकोनं, केसरबाईंनी, न विचारता ताट वाढलं. भाकरी, भरीत. कुणासोबत बसून जेवलो, त्याला महिने झाले. मी बोलतच सुटलो. गुडघा, सरिता, पुंडलिकनगरचा आमचा दिवसभर बंद फ्लॅट. दोघं ऐकत होती.
शेवटी सीलचं काढलं. रामकिसन म्हणाला, "आता जमायचं नाय, साहेब. तुमच्याच ऑर्डरवर मशीन चालायची. इकली. आता दुसऱ्याच्या कारखान्यात जातो, सकाळच्या पाळीला."
दोघं दारापर्यंत आली. मी बूट घालायला बराच वेळ लावला.
पुन्हा या, असं कुणीच म्हणालं नाही.